जमिनीखालचं पाणी किती तापलंय? विरघळलेल्या खनिजांवरून तापमान काढण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नांदेड, हिंगोली, लातूर, बीड या भागांतले विद्यार्थी, भूगोलाचे शिक्षक आणि नवं बोअर घेतलेले शेतकरी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. क्रमाने वाचलं नाही तरी चालेल. प्रश्न ७ मात्र कुणी गाळू नये, कारण सगळ्यात जास्त घोटाळा तिथेच होतो.

१. बाटलीभर पाणी तपासून जमिनीखालचं तापमान कसं काय कळतं?

पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, तापतं आणि गरम खडकात बराच काळ मुरतं. तिथे पाणी आणि खडकातली खनिजं यांच्यात रासायनिक समतोल साधला जातो. कोणतं खनिज किती विरघळणार, हे त्या जागेच्या तापमानावर ठरतं. मग हे पाणी एखाद्या भेगेतून झपाट्याने वर आलं, तर वाटेत ते थंड होतं, पण विरघळलेला माल तितक्या लवकर खाली बसत नाही. हलवाई थर्मामीटर न लावता पाकाची तार बघून सांगतो की पाक कुठवर आलाय, तसाच हा प्रकार. या हिशेबाला रासायनिक तापमापक किंवा जिओथर्मामीटर म्हणतात.

यात काही गृहीतकं आहेत. खाली समतोल खरोखर साधलेला असावा. ते खनिज तिथे मुबलक असावं. वर येताना पाण्याची खडकाशी पुन्हा देवाणघेवाण झालेली नसावी आणि वाटेत दुसरं पाणी मिसळलेलं नसावं. यातलं एक जरी चुकलं तरी सूत्र उत्तर देतंच, फक्त ते उत्तर खोटं असतं.

२. झऱ्यात थर्मामीटर बुडवला की झालं. एवढा उपद्व्याप कशाला?

थर्मामीटर तोंडाशी आलेल्या पाण्याचं तापमान सांगतो, खालच्या साठ्याचं नाही. लडाखच्या पुगा खोऱ्याचं उदाहरण घ्या. समुद्रसपाटीपासून सुमारे ४,४०० मीटर उंचीवर पाणी ८४-८५ अंशांनाच उकळतं, म्हणून झरा त्याहून गरम असूच शकत नाही. पण त्याच पाण्याच्या रसायनावरून खालच्या साठ्याचा अंदाज २०० अंशांच्या वर जातो. विहीर खोदण्यापूर्वी हे कळलं तर खर्च वाचतो. खोल विंधण कोटींच्या घरात जातं आणि पाण्याची तपासणी काही हजारांत होते.

३. मराठवाड्यात असे झरे कुठे आहेत? इथे खाली ज्वालामुखी आहे का?

ओळखीचं ठिकाण म्हणजे नांदेड जिल्ह्यातलं उनकेश्वर. किनवट तालुक्यात, पैनगंगेच्या काठी. पाणी अंघोळ करता येईल इतपत गरम आहे. देशात गरम पाण्याचे सुमारे ३४० झरे मोजले गेले आहेत. महाराष्ट्रातले बहुतेक कोकणपट्टीत आहेत, खानदेशात उनपदेव आहे, आणि आपल्या वाट्याला उनकेश्वर.

ज्वालामुखी नाही. ज्या लाव्हापासून आपला काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, झाला, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आहे आणि कधीच थंड झाला. झऱ्याची उष्णता पृथ्वीच्या पोटातून सतत वर येणाऱ्या उष्णतेतली आणि खोल खडकातल्या किरणोत्सारी मूलद्रव्यांची आहे. दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी तापमान वाढतं. पाणी खोल जाऊन वर येऊ शकेल अशी भेग मिळाली की झालं. लातूरकडच्या जमिनीतून वर येणारी उष्णता उलट कमीच मोजली गेली आहे.

४. सगळी खनिजं सोडून सिलिकाच का? सूत्र काय आहे?

कारण सिलिका, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजनचं संयुग, जवळपास प्रत्येक खडकात असते, तिची विद्राव्यता तापमानाबरोबर नियमाने वाढते, आणि थंड होताना ती सावकाश खाली बसते. १९६६ साली फोर्नियर आणि रो यांनी क्वार्ट्झच्या, म्हणजे स्फटिकरूप सिलिकेच्या, विद्राव्यतेवर हा हिशेब पक्का बसवला. आजही वापरात असलेलं सोपं रूप असं आहे:

तापमान (अंश सेल्सिअस) = १३०९ ÷ (५.१९ − लॉग सिलिका) − २७३.१५

सिलिका मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये घ्यायची आणि लॉग म्हणजे दहाच्या पायाचा. समजा सिलिका ८० आली. तिचा लॉग १.९०३. कंसात राहतात ३.२८७. भागाकार ३९८.३. उत्तर साधारण १२५ अंश. हे सूत्र २५० अंशांपर्यंतच वापरायचं.

५. क्वार्ट्झचं सूत्र घ्यायचं की कॅल्सेडनीचं? दोन्हींची उत्तरं जुळत नाहीत.

जुळणार नाहीतच. कॅल्सेडनी म्हणजे अतिसूक्ष्म कणांची गारगोटी, आपल्या रानात विखरून ठेवल्यासारखी पसरलेली असते तीच. ती क्वार्ट्झपेक्षा जास्त सहज विरघळते. त्यामुळे तितकीच सिलिका कमी तापमानाला पाण्यात उतरते:

तापमान = १०३२ ÷ (४.६९ − लॉग सिलिका) − २७३.१५

वरच्या ८० मिलिग्रॅमला हे ९७ अंश सांगतं. म्हणजे २८ अंशांचा फरक, तोही एकाच बाटलीतून.

निवड करताना सूत्राकडे बघू नका, खडकाकडे बघा. आइसलंडच्या बेसाल्टमधला अनुभव असा की सुमारे १८० अंशांच्या खाली पाण्यात किती सिलिका राहणार हे कॅल्सेडनीच ठरवते. डेक्कनचा बेसाल्टही कॅल्सेडनी आणि अकीक यांनी भरलेला आहे, म्हणून इथे पहिला मान कॅल्सेडनीला. पण पाणी बेसाल्टच्या खालच्या ग्रॅनाइटमधून येत असेल आणि तिथे फार काळ मुरलेलं असेल, तर कमी तापमानालाही क्वार्ट्झ लागू पडू शकतो. किनवटच्या बाजूला काळ्या दगडाचा थर संपत येतो आणि जुने खडक वर डोकावतात. तिथल्या पाण्यासाठी मी दोन्ही उत्तरं देतो आणि त्यांना कमाल-किमान मर्यादा म्हणतो. एकच आकडा हवा असा हट्ट धरणाऱ्याला तो देता येत नाही.

६. सोडियम-पोटॅशियमचं सूत्र कशावर चालतं?

दोन फेल्डस्पार खनिजांमधल्या अदलाबदलीवर. एकात सोडियम असतं, दुसऱ्यात पोटॅशियम. तापमान वाढलं की पाण्यात पोटॅशियमचा वाटा वाढतो, म्हणजे सोडियम भागिले पोटॅशियम हे गुणोत्तर घटतं. फोर्नियरचं १९७९ चं रूप:

तापमान = १२१७ ÷ (१.४८३ + लॉग गुणोत्तर) − २७३.१५

गुणोत्तर असल्यामुळे यात एक मोठी सोय आहे. जवळपास शुद्ध पाणी मिसळलं किंवा थोडी वाफ उडाली, तरी दोन्ही घटक सारख्याच प्रमाणात बदलतात आणि उत्तर फारसं हलत नाही. शिवाय ही अदलाबदल फार संथ असते, त्यामुळे पाणी वर येताना खोलवरची खूण टिकते. त्याच संथपणाचा तोटाही आहे. तापमान १५० अंशांच्या खाली असेल तर समतोल साधायलाच इतका वेळ लागतो की बहुधा तो साधलेलाच नसतो.

कॅल्शियम जास्त असलेल्या पाण्यासाठी १९७३ साली सोडियम-पोटॅशियम-कॅल्शियमचं सूत्र आलं. ते बरं आहे, पण कार्बन डायऑक्साइड उडून वाटेत चुना बसला तर कॅल्शियम घटतं आणि उत्तर फुगतं. गिगेनबाख या न्यूझीलंडमध्ये काम केलेल्या शास्त्रज्ञाने १९८८ मध्ये पोटॅशियम-मॅग्नेशियमचा तापमापक दिला. तो सगळ्यांत चपळ आहे. पाणी थंड झालं की तो लगेच थंड आकडा दाखवतो. पुढच्या प्रश्नात त्याचीच गरज पडते.

७. आमच्या बोअरचं पाणी कोमट आहे. रिपोर्टमधले आकडे सूत्रात घातले तर १३८ अंश आले! शेतात भू-औष्णिक साठा लागलाय का?

नाही. याची फोड नीट करतो, कारण हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि विचारणाऱ्याने बऱ्याचदा गावात सांगूनही टाकलेलं असतं.

आधी कोमटपणा. आपल्याकडे जमिनीचं वरचं सरासरी तापमान सुमारे २७ अंश धरा. हजार फूट म्हणजे साधारण ३०५ मीटर. किलोमीटरला २५ अंश वाढ धरली तर त्या खोलीवर ३४-३५ अंश होतात. जानेवारीत पहाटे मोटार सुरू केली की या पाण्यातून वाफा निघताना दिसतात, त्यात नवल काही नाही. पाणबुडी मोटार स्वतःही पाण्याला थोडं तापवते, ते वेगळंच.

आता आकडे. नमुन्यादाखल बेसाल्टमधल्या एका साध्या, थंड विहिरीचं पाणी घेऊ. सिलिका ४०, सोडियम ६०, पोटॅशियम २, मॅग्नेशियम ४०, सगळं मिलिग्रॅम प्रति लिटर. असं पाणी मराठवाड्यात कुठेही मिळेल. यावर सूत्रं चालवू:

कॅल्सेडनी: ६१ अंश.
क्वार्ट्झ: ९२ अंश.
सोडियम-पोटॅशियम, फोर्नियर: १३८ अंश.
सोडियम-पोटॅशियम, गिगेनबाखच्या वेगळ्या सूत्राने: १५८ अंश.
पोटॅशियम-मॅग्नेशियम: २१ अंश.

एकाच विहिरीला २१ पासून १५८ पर्यंत! खरं उत्तर शेवटचं, किंवा त्याच्या आसपासचं. बाकीचे आकडे कुठून आले? बेसाल्टमधली ज्वालाकाच (लाव्हा झटकन गोठून झालेली काच) आणि प्लॅजिओक्लेज (कॅल्शियम-सोडियमचा फेल्डस्पार) हवा-पाण्याने झिजताना सिलिका मोकळी करतात. ही सिलिका झिजेची आहे, तापमानाची नाही. थंड पाण्यात क्वार्ट्झ खाली बसायला अतिशय संथ असतं, त्यामुळे ती पाण्यातच राहते. म्हणून डेक्कनच्या विहिरींत सिलिका मुळातच भरपूर असते आणि क्वार्ट्झचं सूत्र तिला उष्णतेची खूण समजून बसतं.

सोडियम-पोटॅशियमचं बिनसणं आणखी खोल आहे. ते सूत्र ज्या दोन फेल्डस्पारांवर उभं आहे, ते आपल्या बेसाल्टचे मुख्य घटकच नाहीत. इथला फेल्डस्पार कॅल्शियमकडे झुकलेला. वर पोकळ्यांमध्ये झिओलाइट्स, म्हणजे संभाजीनगर-अजिंठा पट्ट्यातल्या खाणींत सापडणारे स्टिलबाइट, ह्यूलँडाइट वगैरे. झिओलाइट कॅल्शियम घेतं आणि सोडियम सोडतं. म्हणजे आपल्या भूजलातलं सोडियम-पोटॅशियमचं गुणोत्तर फेल्डस्पारांच्या समतोलातून ठरलेलंच नसतं, त्यामुळे सूत्राला त्यात तापमान सापडणार नाही.

मॅग्नेशियमने मात्र खरं सांगितलं. गरम साठ्यात मॅग्नेशियम क्लोराइटसारख्या खनिजांत अडकतं, पाण्यात जेमतेम उरतं. आपल्या विहिरीत ते ४० आहे. एवढ्यावरून ओळखायचं की हे पाणी गरम खडकात राहिलेलंच नाही.

८. मग एखादं पाणी या हिशेबाला लायक आहे हे कसं ठरवायचं?

मी आधी मॅग्नेशियम पाहतो. ते लिटरला १ मिलिग्रॅमच्या आसपास किंवा खाली असेल तर पुढे जायचं. दहाच्या वर असेल तर थंड पाण्याची भेसळ आहे किंवा सगळंच थंड पाणी आहे.

मग गिगेनबाखचा त्रिकोण. सोडियम भागिले १०००, पोटॅशियम भागिले १०० आणि मॅग्नेशियमचं वर्गमूळ, या तिन्हींची टक्केवारी काढून त्रिकोणी आलेखावर ठिपका द्यायचा. वरच्या वक्ररेषेवर ठिपका पडला तर समतोल पूर्ण, मधल्या पट्ट्यात अर्धवट, मॅग्नेशियमच्या कोपऱ्यात पडला तर पाणी कच्चं. प्रश्न ७ मधली विहीर थेट कोपऱ्यात जाते. कच्च्या पाण्यावर सोडियम-पोटॅशियमचं सूत्र चालवूच नये. नुसती तळटीप देऊन चालवलं तरी लोक आकडाच उचलतात, तळटीप नाही.

शेवटी शेजारची थंड विहीर. झऱ्याचा नमुना घेताना दोन-चार थंड विहिरींचे नमुने घेतलेच पाहिजेत. झऱ्यात सिलिका ४५ आणि शेजारच्या विहिरीत ४२ असेल, तर सिलिकेने काही सांगितलेलं नाही.

९. नमुना कसा घ्यायचा? घरातली काचेची बाटली चालेल का?

काच नको. काच स्वतःच सिलिका आणि सोडियम सोडते. पॉलिथिनची नवी बाटली घ्या आणि त्याच पाण्याने तीनदा विसळा. पाणी कुंडातलं नको, जिथून बुडबुडे किंवा उमाळा येतो तिथलं हवं. उनकेश्वरसारख्या ठिकाणी कुंडात माणसं अंघोळ करतात, साबण लावतात, फुलं-नारळ पडतात. पुजाऱ्यांना विचारून पहाटे, गर्दीआधी उगमाजवळचं पाणी घ्यावं.

तापमान, पीएच आणि अल्कता जागेवरच मोजायची, गाडीत नाही. पाणी ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून दोन भाग करा. सोडियम, पोटॅशियम वगैरेंसाठीच्या भागात शुद्ध नायट्रिक आम्लाचे काही थेंब घालायचे. सिलिका जास्त असण्याची शक्यता असेल तर एक भाग नमुना आणि नऊ भाग ऊर्ध्वपातित पाणी असं तिथेच पातळ करायचं. नाहीतर थंड होताना सिलिकेचे रेणू एकमेकांना चिकटतात. मॉलिब्डेटच्या रंगतपासणीला असली चिकटलेली सिलिका दिसत नाही आणि आकडा कमी येतो.

१०. लॅबचा रिपोर्ट हातात आहे. आकडे घालताना काय चुकतं?

पहिली अडचण अशी की पिण्याच्या पाण्याच्या नेहमीच्या रिपोर्टमध्ये सिलिका नसतेच. टीडीएस, कठीणपणा, क्लोराइड, नायट्रेट, फ्लोराइड, लोह एवढंच असतं. सिलिका आणि पोटॅशियम वेगळं सांगून करून घ्यावं लागतं.

दुसरी, सिलिकॉन आणि सिलिका यांची गल्लत. आयसीपी हे मूलद्रव्यं मोजणारं यंत्र सिलिकॉनचा आकडा देतं. सूत्राला सिलिका लागते. सिलिकॉनच्या आकड्याला २.१४ ने गुणायचं. हे विसरलं तर ८० च्या जागी ३७ भरले जातात.

तिसरी, कॅल्क्युलेटरवरचा लॉग. मोबाईलमध्ये नैसर्गिक लॉगचं बटण शेजारीच असतं. ते दाबलं तर ८० मिलिग्रॅम सिलिकेला सुमारे १,३५० अंश येतात. एवढ्या तापमानाला बेसाल्टचाही लाव्हा होतो.

आणि रिपोर्टमधल्या धन आणि ऋण आयनांची वेगवेगळी बेरीज मिलिइक्विव्हॅलंटमध्ये, म्हणजे वजनाऐवजी विद्युतभाराच्या हिशेबाने, करून बघा. फरक ५ टक्क्यांपर्यंत ठीक. त्याहून फार जास्त असेल तर आधी लॅबकडे परत जा.

११. सगळ्या सूत्रांची सरासरी घेतली तर?

घेऊ नका. प्रश्न ७ मधल्या पाच आकड्यांची सरासरी ९४ येते. दिसायला मोठी समंजस आहे आणि पूर्ण चूक आहे. प्रत्येक तापमापकाचा वेग वेगळा. पोटॅशियम-मॅग्नेशियम चपळ, सिलिका मधली, सोडियम-पोटॅशियम संथ. खरोखर गरम साठ्यातून आलेल्या पाण्यात हे आकडे याच क्रमाने चढत जाताना दिसले, तर त्यातून पाण्याच्या प्रवासाची गोष्ट लागते: खोल कुठे होतं, वर कुठे थांबलं. सरासरी काढली की ती गोष्टच पुसली जाते. उलट तीन-चार स्वतंत्र सूत्रं एकाच आकड्याजवळ आली, तर मात्र विश्वास ठेवायला जागा आहे.

१२. गरम पाण्यात वाटेत थंड पाणी मिसळलं असेल तर?

मिसळलेलं असतंच, असं धरून चला. उदाहरणार्थ खालच्या पाण्यात सिलिका १२० आहे. कॅल्सेडनीप्रमाणे ते १२२ अंश. त्यात ४० सिलिकेचं थंड पाणी निम्मं-निम्मं मिसळलं की ८० उरतात आणि उत्तर ९७. म्हणजे अंदाज २५ अंशांनी खाली.

भेसळ ओळखायला क्लोराइड उपयोगी पडतं. ते कुठल्याच खनिजात सहजासहजी अडकत नाही. मे महिन्यात आणि भर पावसाळ्यानंतर असे दोन वेळा नमुने घ्या. क्लोराइड, सिलिका आणि तापमान तिन्ही एकदम खाली-वर होत असतील तर भेसळ नक्की. मग थंड विहिरीचा बिंदू आणि झऱ्याचे बिंदू जोडून रेष पुढे वाढवतात आणि सिलिकेच्या विद्राव्यतेच्या वक्राला ती कुठे छेदते ते बघतात. बिंदू एका रेषेत नसतील तर हा खेळ तिथेच थांबवावा.

१३. झरा उकळत असेल तर सूत्र बदलतं का?

हो. वाफ उडाली की उरलेल्या पाण्यात सिलिका दाट होते. त्यासाठी वाफ जास्तीत जास्त उडाली असं धरणारं सूत्र आहे: १५२२ ÷ (५.७५ − लॉग सिलिका) − २७३.१५. सिलिका ३०० असेल तर साधं सूत्र २०९ देतं, हे १९२. मराठवाड्यात याची गरज पडणार नाही.

१४. पाण्याला गंधकाचा वास येतो, कडेला पांढरा थर बसतो. यावरून काही कळतं का?

वासावरून तापमान कळत नाही. हायड्रोजन सल्फाइड वायू अगदी थोडा असला तरी नाकाला लागतो आणि तो जमिनीतल्या जीवाणूंच्या कामातूनही तयार होतो. हिरव्या साचलेल्या आडालाही हा वास येतो.

थर मात्र बोलतो. त्याच्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका. फसफसलं तर चुना. चुना थंड-कोमट झऱ्यांतही बसतो, त्यामुळे त्यावरून फार काही म्हणता येत नाही. फसफसलं नाही आणि थर कडक, काचेसारखा सिलिकेचा निघाला, तर ती मोठी बातमी. पृष्ठभागावर सिलिका आपोआप बसायला खालचं पाणी साधारण १८० अंशांच्या वर असावं लागतं.

त्वचारोग बरे होतात का, हेही याच पत्रांत विचारलेलं असतं. ते डॉक्टरांना विचारा.

१५. आमच्याकडे उसाचा पट्टा आहे. खतांचा परिणाम होतो का?

होतो, आणि तो फसवा असतो. म्युरेट ऑफ पोटॅश किंवा शेतात सोडलेला डिस्टिलरीचा स्पेंटवॉश यांमुळे उथळ भूजलात पोटॅशियम वाढतं. प्रश्न ७ मधल्या विहिरीत पोटॅशियम २ च्या जागी ६ झालं, बाकी सगळं तेच, तर सोडियम-पोटॅशियमचं उत्तर १३८ वरून २१७ अंशांवर उडी मारतं. नायट्रेटही चढलेलं दिसलं तर संशय पक्का करा.

१६. कोकणातल्या झऱ्यांची सूत्रं आपल्याला लागू होतात का?

सूत्रं तीच, सापळे वेगळे. तिकडे उन्हवऱ्याला पाणी सुमारे ७० अंशांपर्यंत जातं, गणेशपुरी-वज्रेश्वरीही ओळखीची आहेत. पण किनाऱ्याजवळच्या झऱ्यांत समुद्राच्या खारेपणाचा अंश असू शकतो. समुद्राच्या पाण्यात सोडियम पोटॅशियमच्या सुमारे २७ पट असतं. ते गुणोत्तर सूत्रात घातलं तर अरबी समुद्र १४४ अंशांचा निघतो! आपल्याकडे समुद्राऐवजी झिओलाइट आणि खत आहे, एवढाच फरक.

१७. आलेल्या तापमानावरून साठ्याची खोली काढता येईल?

ढोबळ. तापमानातून २७ वजा करा, २५ ने भागा. ९७ अंशांना २.८ किलोमीटर, १२५ अंशांना जवळपास ४. ही पाणी किती खोल जाऊन आलं त्याची खोली आहे, बोअर किती फूट घ्यायचं याची नाही. खाली खडक बदलतो हेही लक्षात ठेवा. किल्लारीला १९९३ च्या भूकंपानंतर ६१७ मीटरचं बोअर घेतलं गेलं, त्यात ३३८ मीटरलाच बेसाल्ट संपला आणि थोड्या गाळाच्या थराखाली जुना स्फटिकी खडक लागला. म्हणजे मराठवाड्यातलं कोणतंही खोल पाणी बेसाल्टमधलं नसून त्याखालचं असण्याची शक्यता जास्त. प्रश्न ५ मधली क्वार्ट्झ-कॅल्सेडनीची पंचाईत इथूनच येते.

१८. हिंगोलीकडे जमिनीतून आवाज येतात, धक्के बसतात. खाली पाणी उकळतंय का? पाणी तपासून भूकंप आधी कळेल?

वसमत, कळमनुरी, औंढा नागनाथ या भागातले धक्के खडकातल्या ताणाचे आहेत. उकळत्या पाण्याची गरज त्याला लागत नाही. धक्क्यानंतर विहिरीची पातळी हलणं, पाणी गढूळ होणं, क्वचित तापमान बदलणं हे घडतं, कारण भेगा उघडतात-मिटतात. पण तापमापकाची सूत्रं शेकडो-हजारो वर्षांच्या समतोलावर उभी आहेत, उद्याच्या धक्क्याबद्दल ती काही सांगू शकत नाहीत.

१९. साठा ९०-१०० अंशांचा निघाला तर वीज होईल?

तांत्रिकदृष्ट्या होते. अलास्कातल्या चेना इथे सुमारे ७४ अंशांच्या पाण्यावर २००६ पासून वीज काढतात. पण तिथे थंड करायला बर्फाळ पाणी आहे. आपल्याकडे मे महिन्यात ४२ अंशांच्या हवेत तेच यंत्र फार कमी काम करेल. आपल्या शेजारी तेलंगणात मणुगुरूला सिंगरेणी कोळसा कंपनीने गरम पाण्याच्या बोअरवर २० किलोवॅटचा प्रायोगिक संच बसवला. तो गोदावरीच्या खोऱ्यातला गाळाचा खडक आहे, आपला काळा दगड नव्हे.

मला विचाराल तर वीज सोडा, वाळवण बघा. शिजवलेली हळद वाळवायला ६० अंशांची हवा पुरते आणि वसमतची हळद दरवर्षी अवकाळीत भिजते. अर्थात त्याआधी साठा आहे हे सिद्ध व्हायला हवं, आणि प्रश्न ८ च्या चाळणीतून ते पाणी पार व्हायला हवं.

२०. लोणार सरोवराच्या पाण्यावर हे सूत्र चालवलं तर चालेल का?

लोणार बुलढाण्यात, पण जालन्याहून जवळ, म्हणून प्रश्न येतो. चालणार नाही, दोन कारणांनी. सरोवर उल्कापाताच्या विवरातलं बंदिस्त पाणी आहे आणि ते वर्षानुवर्षं आटून दाट झालंय. त्यातले क्षार उष्णतेने नाही, बाष्पीभवनाने जमलेत.

दुसरं कारण सिलिकेचं. तिथला पीएच १० च्या आसपास असतो. पीएच ९ च्या वर गेला की विरघळलेल्या सिलिसिक आम्लाचं (पाण्यात सिलिका याच रूपात असते) आयन होऊ लागतं आणि पाणी थंड असूनही जास्त सिलिका पोटात घेतं. सूत्र फक्त आयन न झालेल्या सिलिकेसाठी आहे. लॅब मात्र दोन्हींची बेरीज देते, म्हणून तापमान फुगतं. कोणत्याही झऱ्याचा पीएच ९ च्या वर आला तर आयन झालेला भाग आधी वजा करून मगच लॉग घ्यायचा. विवराच्या कडेच्या धारेचं पाणी गोडं आहे, तिथे हा अडथळा नाही. पण ते थंडच असल्यामुळे हिशेब पुन्हा प्रश्न ७ वर येतो.